मोजमाप झाले, शिकवणे राहिले

डिसेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने शिक्षणहक्क कायद्याच्या नियमांत दुरुस्ती केली आणि पाचवी व आठवीच्या वर्गांत विद्यार्थ्याला अनुत्तीर्ण करण्याचा मार्ग आपल्या अखत्यारीतील शाळांपुरता मोकळा केला. संसदेने मूळ कायद्यात तशी तरतूद २०१९ मध्येच करून ठेवली होती. राज्यांना आपापला निर्णय घेण्याची मुभा होती आणि अनेक राज्यांनी ‘ना-नापास’ धोरण त्याआधीच गुंडाळलेही होते. तमिळनाडूने मात्र आपल्या शाळांत ते चालूच राहील असे तत्काळ जाहीर केले. त्यानंतर अपेक्षेप्रमाणे जुनाच वाद नव्याने सुरू झाला. एका बाजूचे म्हणणे, परीक्षेचा धाक नसेल तर मुले शिकत नाहीत. दुसऱ्या बाजूचे म्हणणे, धाकाने मुले शिकत नाहीत, शाळा सोडतात.

या वादात भाग घेण्याची माझी इच्छा नाही. माझी तक्रार वेगळी आहे. दोन्ही पक्ष वर्षाच्या शेवटच्या दिवसाबद्दल बोलतात. उरलेल्या दोनशे-सव्वादोनशे दिवसांत वर्गात काय घडते, याबद्दल कोणीच बोलत नाही.

नव्या नियमांचा मजकूर वाचला की ही उणीव ठळकपणे दिसते. वार्षिक परीक्षेत मागे पडलेल्या मुलाला जादा शिकवायचे आणि निकालापासून दोन महिन्यांच्या आत फेरपरीक्षेची संधी द्यायची. तीतही ते उत्तीर्ण झाले नाही, तर त्याच वर्गात ठेवायचे. त्या वर्षात वर्गशिक्षकाने त्या मुलाला, आणि गरज भासल्यास त्याच्या पालकांनाही, मार्गदर्शन करायचे. त्याच्या शिक्षणात नेमक्या कोठे फटी आहेत हे शोधून त्या भरून काढायच्या. मुख्याध्यापकांनी अशा मुलांची यादी ठेवून स्वतः लक्ष घालायचे. या तरतुदींत चुकीचे काहीच नाही. प्रश्न एवढाच, की या फटी शोधायला आपण मूल दहा-अकरा वर्षांचे होईपर्यंत का थांबलो? दुसरीत वाचता न येणाऱ्या मुलाची अडचण पाचवीच्या निकालानंतर हुडकण्याची सोय आपण केली आहे. घाव चिघळल्यावर औषधाची चिठ्ठी लिहिणारा वैद्य आपल्याला चालला नसता.

कायद्याचा विसरलेला अर्धा भाग

१ एप्रिल २०१० रोजी अमलात आलेल्या शिक्षणहक्क कायद्याने मुलांना वर्गात मागे ठेवायचे नाही, असे म्हटले होते. पण त्याच कायद्याच्या कलम २९ मध्ये मुलाच्या आकलनाचे आणि ज्ञानाचा वापर करण्याच्या क्षमतेचे सर्वंकष व सातत्यपूर्ण मूल्यमापन करावे, असेही म्हटले होते. कलम २४ तर याहून स्पष्ट आहे. प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता पारखणे आणि त्यानुसार आवश्यक ते जादा अध्यापन करणे हे शिक्षकाचे वैधानिक कर्तव्य आहे. पारखणे आणि त्यानुसार शिकवणे अशी ही जोडी होती. गंमत अशी की, त्याच कलमात या कर्तव्याच्या अगदी वरच्या ओळीत आणखी एक कर्तव्य नोंदवले आहे: ठरलेल्या मुदतीत संपूर्ण अभ्यासक्रम पूर्ण करणे. कागदावर ही दोन कर्तव्ये शेजारी सुखाने नांदतात; वर्गात त्यांचे पटत नाही. आणि पटत नाही तेव्हा नेहमी जिंकतो तो अभ्यासक्रम, कारण तो पूर्ण झाला की नाही हे अधिकाऱ्याला एका नजरेत तपासता येते. मूल समजले की नाही, हे तपासायला त्याला मुलाशेजारी बसावे लागेल.

सातत्यपूर्ण मूल्यमापनाची कल्पना काही त्या कायद्यानेच जन्माला घातली नाही. १९५२-५३ च्या मुदलियार आयोगाने एकाच अंतिम परीक्षेवर विसंबू नका असे सांगितले होते, कोठारी आयोगाने अंतर्गत मूल्यमापनावर भर दिला होता आणि १९८६ च्या राष्ट्रीय धोरणाने तर हीच शब्दरचना वापरली होती. सहा-सात दशके जी गोष्ट सर्वांना मान्य आहे, ती वर्गात उतरत नाही, याचा अर्थ अडचण तत्त्वाची नाही. अडचण अंमलबजावणीच्या रचनेत आहे.

ती रचना कशी बिघडते, हे केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या अनुभवातून दिसले. २००९-१० पासून मंडळाने नववी-दहावीत ही पद्धत आणली. वर्षात चार आकारिक चाचण्या, प्रत्येकीला १० टक्के भार. दोन संकलित परीक्षा, प्रत्येकीला ३० टक्के. आकारिक मूल्यमापनाचा मूळ हेतू शिकणे चालू असतानाच त्याला वळण देणे हा. पण ज्या क्षणी त्याला टक्के चिकटले, त्या क्षणी ती चार छोट्या वार्षिक परीक्षांची मालिका झाली. प्रकल्पांच्या फाइली बाजारात तयार मिळू लागल्या. काही वर्षांत मंडळाने ती पद्धत मोडीत काढली आणि २०१८ पासून दहावीची बोर्ड परीक्षा पुन्हा सर्वांना सक्तीची झाली. महाराष्ट्रातील शिक्षकांना २०१० च्या शासन निर्णयानंतरच्या वर्णनात्मक नोंदींची वही आठवत असेल. ‘वाचनात रस घेतो’, ‘गटकार्यात सहभागी होते’ अशी ठरावीक वाक्ये तीस-चाळीस मुलांच्या नावांपुढे आलटून पालटून लिहिली गेली. त्या वाक्यांचा दुसऱ्या दिवशीच्या तासाशी काही संबंध नव्हता. संबंध होता तो तपासणीला येणाऱ्या अधिकाऱ्याशी.

शून्य गुणांच्या तीन कथा

मूल्यमापन म्हणजे काय आणि काय नव्हे, हे एका वजाबाकीने सांगता येईल. तिसरीच्या वर्गात फळ्यावर उदाहरण आहे: ५४ वजा २८. उत्तर २६. वर्गातील तीन मुलांची उत्तरे चुकली. एकाने ३४ लिहिले, दुसरीने ३६ आणि तिसऱ्याने ८२. तिघांच्या वहीत लाल फुली पडली, तिघांना शून्य गुण. गुणपत्रकाच्या दृष्टीने ही तीन मुले एकसारखीच आहेत.

वस्तुतः त्यांच्यात काहीही सारखे नाही. ३४ लिहिणाऱ्याने प्रत्येक स्थानी मोठ्या अंकातून लहान अंक वजा केला: आठातून चार, पाचातून दोन. ‘लहानातून मोठे जात नाही’ हे त्याने कधीतरी ऐकले आणि त्यातून स्वतःचा नियम तयार केला. त्याला स्थानिक किमतीची ओळख नव्याने करून द्यायला हवी. काड्यांचे गठ्ठे हातात द्यायला हवेत. ३६ लिहिणारीने दशक सुटा केला, चौदातून आठ वजा केले. फक्त पाच दशकांतला एक कमी झाला हे ती विसरली. तिला संकल्पना समजली आहे, एका वाक्याची आठवण पुरेल: ‘सुटा केलेला दशक कोठून आला, पाहा बरे.’ ८२ लिहिणाऱ्याने बेरीज केली आणि ती बिनचूक केली. त्याला हातचा उत्तम येतो. त्याने चिन्हच पाहिले नाही किंवा त्याला ते ओळखता आले नाही. एकाला आठवडाभराची मदत हवी, दुसरीला अर्ध्या मिनिटाची, तिसऱ्याला चिन्हावर बोट ठेवण्याची. लाल फुलीने ही सर्व माहिती पुसून टाकली.

गेल्या काही वर्षांत निरनिराळ्या राज्यांतील शाळांत गेलो की मी मुलांच्या वह्या चाळतो. फुल्या आणि बरोबरच्या खुणा सर्वत्र दिसतात. सही आणि तारीखही असते. ‘हे असे का केलेस?’ असा प्रश्न वहीत क्वचितच आढळतो. शिक्षक आळशी आहेत, असा याचा अर्थ मी लावत नाही. त्यांच्याकडे वही तपासल्याचा पुरावा मागितला जातो आणि तो ते देतात.

अभिप्राय कधी उपयोगी पडतो

पॉल ब्लॅक आणि डिलन विल्यम या ब्रिटिश अभ्यासकांनी १९९८ मध्ये या विषयावरील संशोधनाचा जो आढावा घेतला, त्याने जगभरच्या शिक्षणधोरणावर प्रभाव टाकला. वर्गातील मूल्यमापनातून मिळालेल्या माहितीने पुढचे अध्यापन बदलत असेल, तर आणि तरच त्याला आकारिक म्हणावे, हा त्यांचा निकष होता. त्याच्या दहा वर्षे आधी इस्रायलमध्ये रूथ बटलर यांनी केलेला प्रयोग आपल्यासाठी अधिकच बोधक आहे. काही मुलांना केवळ गुण दिले, काहींना केवळ लेखी शेरे आणि काहींना गुण व शेरे दोन्ही. प्रगती झाली ती केवळ शेरे मिळालेल्या मुलांची. गुण आणि शेरे दोन्ही मिळालेली मुले केवळ गुण मिळालेल्यांच्या पंक्तीतच राहिली. गुण दिसले की मूल पुढचे वाचत नाही. शेजाऱ्याचे गुण पाहते.

अभिप्राय म्हटला की तो चांगलाच, असेही नव्हे. क्लुगर आणि डीनिसी यांनी १९९६ मध्ये अशा शेकडो निष्कर्षांचे एकत्रित विश्लेषण केले, तेव्हा एक तृतीयांशाहून अधिक प्रसंगी अभिप्रायामुळे कामगिरी खालावल्याचे आढळले. लक्ष कामावरून उडून स्वतःच्या प्रतिमेकडे गेले की असे घडते. ‘तू हुशार आहेस’ आणि ‘तुला गणित जमत नाही’ ही दोन्ही वाक्ये मुलाबद्दल बोलतात, वजाबाकीबद्दल बोलत नाहीत. ‘दशक सुटा करायला विसरलास’ हे वाक्य वजाबाकीबद्दल बोलते, म्हणून त्याचा उपयोग होतो.

यावर कोणी म्हणेल, हे परदेशातले दाखले. मग आपल्या देशातले पाहू. हरियाणात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाची शेकडो सरकारी शाळांत शास्त्रशुद्ध तुलना झाली. शिक्षकांना प्रशिक्षण मिळाले, नोंदींचे नमुने मिळाले. मुलांच्या शिकण्यावर परिणाम शून्य. त्याच राज्यात, त्याच सरकारी शिक्षकांकडून दुसरा उपक्रमही राबवला गेला. मुलांची वाचनपातळी सोप्या तोंडी चाचणीने पाहायची, इयत्ता बाजूला ठेवून पातळीनुसार गट करायचे आणि दररोज ठरावीक वेळ त्या गटाला झेपेल तेच शिकवायचे. यात हिंदी वाचनात स्पष्ट सुधारणा दिसली; गणितात मात्र तशी दिसली नाही, हेही सांगितले पाहिजे. आंध्र प्रदेशातील एका प्रयोगात शिक्षकांना त्यांच्या वर्गाचा तपशीलवार निदान-अहवाल हातात दिला. पुढे काय करायचे त्याची व्यवस्था काहीच नव्हती. मुलांचे गुण वाढले नाहीत.

या तीन दाखल्यांचा एकत्रित अर्थ सरळ आहे. निदान आवश्यक आहे, पण केवळ निदानाने काही होत नाही. निदानानंतर वेगळे शिकवण्याला वेळापत्रकात जागा, हातात साहित्य आणि वरून परवानगी असेल, तरच ते फळते.

आकडे आहेत, उपयोग नाही

देशात मोजमापाची टंचाई आहे, असे कोणी म्हणू शकणार नाही. ‘असर’च्या २०२४ च्या पाहणीनुसार ग्रामीण भारतात तिसरीतील केवळ २७.१ टक्के मुले दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकतात. पाचवीत हे प्रमाण ४८.८ टक्के आहे आणि पाचवीतील ३०.७ टक्के मुलांना साधा भागाकार येतो. डिसेंबर २०२४ मध्ये ‘परख’ने केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात तिसरीची सुमारे ५५ टक्के मुलेच ९९ पर्यंतच्या संख्या चढत्या-उतरत्या क्रमाने लावू शकली. करोनाकाळातील घसरगुंडी बऱ्याच अंशी भरून निघाली, हे समाधान आहे. पण आपण जिथे परतलो ती जागाही अभिमानाची नव्हती.

दिल्लीत माध्यमिक विद्यार्थ्यांवर झालेल्या एका अभ्यासात सहावीचा सरासरी विद्यार्थी गणितात इयत्तेच्या अडीच वर्षे मागे आढळला आणि एकाच वर्गातील मुलांच्या पातळीत पाच-सहा इयत्तांचे अंतर होते. अशा वर्गात शिक्षक पाठ्यपुस्तकाचे पान उलगडतो, तेव्हा तो नेमका कोणाशी बोलत असतो? पुढच्या दोन बाकांशी. मागच्या बाकांवरची मुले शाळेत हजर असतात, शिक्षणात गैरहजर.

आणि मोजमापाचा आकडा वर पाठवायचा असेल, तर तो खराही राहत नाही. मध्य प्रदेशात सरकारी चाचण्यांतील तेच प्रश्न काही विद्यार्थ्यांना त्रयस्थ देखरेखीखाली पुन्हा विचारले, तेव्हा सरकारी नोंदीतील गुण मोठ्या प्रमाणात फुगवलेले असल्याचे उघड झाले. यात नवल नाही. शाळेची, केंद्राची आणि जिल्ह्याची क्रमवारी ज्या आकड्यावर ठरते, तो आकडा शाळा, केंद्र आणि जिल्हा मिळून सुंदर करतात. ज्या शिक्षकाला आपल्या वर्गाचे खरे चित्र कळायला हवे, त्याच्याकडूनच आपण ते लपवण्याची सवय करून घेतो.

आक्षेप आणि उत्तरे

प्रामाणिक आक्षेप दोन आहेत. पहिला, वर्ग मोठे आहेत, देशातील एक लाखाहून अधिक शाळांत एकच शिक्षक आहे. प्रत्येक मुलाला वेगळा अभिप्राय कोण देणार? हा आक्षेप खरा आहे, पण त्यातून निघणारा निष्कर्ष खरा नाही. चाळीस मुलांच्या वर्गात चाळीस प्रकारच्या चुका नसतात. वजाबाकीत असतात त्या चार-पाच. मुलांनी पाटीवर उत्तर लिहून एकाच वेळी पाटी उंचावली, तर दोन मिनिटांत शिक्षकाला वर्ग वाचता येतो. त्याला वही घरी नेऊन फुल्या मारण्यापेक्षा हे सोपे आहे. शिवाय बहुवर्गीय शाळेतला शिक्षक नाइलाजाने का होईना, गटांत शिकवतोच. पातळीनुसार गट करणे त्याला एकशिस्तीच्या मोठ्या शाळेपेक्षा कमी परके आहे. तमिळनाडूच्या ‘एण्णुम एळुत्तुम’ उपक्रमात २०२२ पासून पहिली ते तिसरीच्या मुलांना अरुंबु, मोट्टु, मलर अशा फुलण्याच्या पायऱ्यांची नावे दिलेल्या गटांत शिकवले जाते आणि साहित्यही त्या त्या पातळीचे असते. मूल कोणत्या इयत्तेत बसते यापेक्षा ते कोठे पोहोचले आहे, हे तेथे पाहिले जाते.

दुसरा आक्षेप, परीक्षेचे भय काढले की शिक्षक आणि पालक दोघेही सैल होतात. यातही तथ्याचा अंश आहे. ना-नापास धोरणाच्या काळात ‘सगळे पास’ याचा अर्थ अनेक ठिकाणी ‘कोणाकडे पाहायची गरज नाही’ असा घेतला गेला. गरीब पालकाला तर निकालपत्र हाच शाळेच्या कामाचा एकमेव पुरावा होता. तो काढून घेतला आणि बदल्यात त्याला समजेल असे काही दिले नाही. परंतु यावरचा उपाय मुलाला त्याच वर्गात त्याच शिक्षकासमोर, त्याच पुस्तकासह पुन्हा बसवणे हा कसा असू शकतो? जे वर्षभर जसे शिकवून समजले नाही, तेच तसेच पुन्हा शिकवले तर समजेल, अशी आशा त्यामागे आहे. आणि व्यवस्थेने न केलेल्या कामाची शिक्षा त्यात सर्वात लहान घटकाला मिळते.

काय करता येईल

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने नियमित आकारिक मूल्यमापनाचा पुरस्कार केला आहे, समग्र प्रगतिपत्रकही सुचवले आहे. दिशा योग्य आहे. पण १९८६ मध्येही ती योग्यच होती. या वेळी फळ वेगळे हवे असेल, तर माझ्या मते चार गोष्टी कराव्या लागतील.

पहिली, दोन मोजमापे एकमेकांपासून तोडावीत. व्यवस्थेचे आरोग्य पाहायला नमुना सर्वेक्षण पुरेसे आहे. त्यासाठी प्रत्येक मुलाचा प्रत्येक गुण पोर्टलवर चढवण्याची गरज नाही. वर्गातील चाचणीचा निकाल वर्गातच राहावा, त्यावरून शिक्षकाची वा शाळेची क्रमवारी लावू नये. जो आकडा कोणाला दाखवायचा नसतो, तोच खरा असतो.

दुसरी, वेळ. दुसरी ते पाचवीच्या वेळापत्रकात रोज एक तास पातळीनुसार शिकवण्यासाठी राखून ठेवावा आणि त्या तासात अभ्यासक्रम कोठवर आला, हे विचारण्यास अधिकाऱ्यांना मज्जाव करावा. कलम २४ मधील दोन कर्तव्यांचा झगडा शिक्षकाने एकट्याने सोडवावा, ही अपेक्षा अन्याय्य आहे. त्याचा निवाडा सरकारने आदेशाद्वारे करून दिला पाहिजे.

तिसरी, प्रशिक्षण. पदविका अभ्यासक्रमांत मूल्यमापनाच्या व्याख्या आणि प्रकार पाठ करून घेतले जातात. मुलांच्या चुका वाचायला शिकवले जात नाही. केंद्र पातळीवरील शिक्षण परिषदेत परिपत्रकांचे वाचन थांबवून शिक्षकांनी आपल्या वर्गातल्या पाच वह्या घेऊन बसावे आणि ‘या मुलाने असे का लिहिले असेल?’ एवढ्या एकाच प्रश्नावर तासभर चर्चा करावी. याला निधी लागत नाही.

चौथी, पालकांशी बोलणे. ‘ब-१ श्रेणी’ या शब्दांतून कोणत्याही आईला काही कळत नाही. ‘तुमची मुलगी शब्द वाचते, अजून वाक्य अडखळत वाचते; रोज एक गोष्ट मोठ्याने वाचून घ्या’ हे तिला कळते, ती स्वतः निरक्षर असली तरी कळते. समग्र प्रगतिपत्रकाचे यश त्यातील रकान्यांच्या संख्येवर ठरणार नाही, अशा एका वाक्यावर ठरेल.

ज्या राज्यांनी पाचवीच्या परीक्षेचा निर्णय घेतला आहे, त्यांना तो आज मागे घ्या असे मी सांगत नाही; ते ऐकणारही नाहीत. त्यांनी निदान एवढे करावे: नियमांत नापास मुलासाठी जी काळजी लिहिली आहे, म्हणजे फटी शोधणे, जादा अध्यापन, मुख्याध्यापकांची यादी आणि पालकांशी संवाद, ती सर्व तीन वर्षे अलीकडे आणावी आणि दुसरीच्या अखेरीस लागू करावी. तसे केले तर पाचवीत नापास करण्यासारखी मुले फार थोडी उरतील. तसे केले नाही, तर दरवर्षी मे महिन्यात आपण एक यादी फलकावर लावू आणि तीत नावे असतील ती फक्त मुलांची.